जड मेसॉन फुटतो तेव्हा पायऑन एकमेकांना धडकतात, आणि त्यावर बरंच काही अवलंबून असतं

डी मेसॉन फुटला आणि त्यातून तीन पायऑन निघाले, हे आपण किती सहज लिहितो. (मेसॉन म्हणजे एक क्वार्क आणि एक अँटीक्वार्क मिळून बनलेला कण, आणि क्वार्क म्हणजे प्रोटॉनही ज्यांचे बनतात ते मूलभूत कण.) डावीकडे डी, मग एक बाण, उजवीकडे पाय पाय पाय, संपलं. पण त्या बाणाच्या आत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात आणि त्यातली दुसरी गोष्ट आपण लिहितच नाही. पहिली म्हणजे जड क्वार्कचं हलक्या क्वार्कमध्ये रूपांतर झालं, हे वीक फोर्सचं काम. दुसरी म्हणजे त्यातून जे पायऑन तयार झाले ते लगेच सुटे होऊन निघून गेले नाहीत, ते एकमेकांच्या इतके जवळ होते की निघता निघता त्यांच्यात क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या स्ट्राँग फोर्सने खेचाखेची झाली, कधी तर एक जोडी आत गेली आणि वेगळीच जोडी बाहेर आली. याला फायनल स्टेट इंटरॅक्शन म्हणतात, किंवा नुसतं रीस्कॅटरिंग. डिटेक्टरला जे दिसतं ते या सगळ्यानंतरचं असतं.

बऱ्याच ठिकाणी हा विषय शेवटी एका परिच्छेदात उरकलेला असतो, "याशिवाय काही छोट्या दुरुस्त्या कराव्या लागतात" अशा सुरात. मला हे पटत नाही. मॅटर आणि अँटीमॅटर वेगळं वागतात का, हे मेसॉनच्या क्षयात, म्हणजे फुटण्यात, मोजायचा जो सगळ्यात सरळ मार्ग आहे तो या धडकण्याशिवाय बंदच असतो. का, ते खाली गणित करूनच दाखवतो, सोपं आहे.

आधी पात्रांची ओळख. पायऑन म्हणजे क्वार्क आणि अँटीक्वार्क मिळून बनलेला सगळ्यात हलका कण. १९३५ मध्ये युकावांनी असा कण असायला हवा असं सांगितलं, १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या पॉवेल यांच्या ग्रुपला फोटोग्राफिक इमल्शनमध्ये तो सापडला. तीन प्रकार आहेत, पाय-प्लस, पाय-मायनस आणि पाय-झिरो. विद्युतभार असलेल्या दोघांचं वस्तुमान १३९.५७ एमईव्ही (कणांचं वस्तुमान आणि ऊर्जा मोजायचं एकक), पाय-झिरोचं १३४.९८, हा साडेचार एमईव्हीचा फरक लक्षात ठेवा, पुढे फार कामाला येणारे. जड मेसॉन म्हणजे ज्यात चार्म किंवा बॉटम क्वार्क असतो ते, डी साधारण १८६५ ते १८७० एमईव्हीचा आणि बी ५२७९ चा. केऑन, म्हणजे स्ट्रेंज क्वार्कवाला, ४९५ च्या आसपास, त्याला कुणी जड म्हणत नाही पण या विषयातलं जवळपास सगळं आपण आधी केऑनवरच शिकलो, त्यामुळे त्याला वगळून चालणार नाही.

आता वेळेचा हिशोब बघा, सगळं प्रकरण तिथेच कळतं. डी-झिरो सरासरी ०.४१ पिकोसेकंद जगतो, बी मेसॉन दीड. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग, ऐकायला भयंकर कमी वाटतं, पण स्ट्राँग फोर्सला काही घडवून आणायला जेवढा वेळ लागतो तो याच्याही साधारण दहा हजार कोटीव्या भागाएवढा असतो. म्हणजे मेसॉन कितीतरी काळ शांत बसून असतो, मग वीक फोर्सची घटना एकदम जवळजवळ एका बिंदूत घडते, कारण तो फोर्स वाहून नेणारा डब्ल्यू बोसॉन इतका जड आहे की त्याचा पल्ला प्रोटॉनच्या आकाराच्या काही शतांशही नाही. आणि तिथून निघालेले कण प्रोटॉनएवढ्या अंतरात अजून एकत्रच असतात तोवर स्ट्राँग फोर्सने आपलं काम केलेलं असतं. वीक फोर्सचं काम संपतं तिथून स्ट्राँग फोर्सचं सुरू होतं आणि ते चुकवायचा काहीच मार्ग नाही.

इथे क्वांटमचा मुद्दा आणावा लागतो. समजा शेवटी पाय-प्लस आणि पाय-मायनस मिळाले. ते थेट तसेच जन्मले असतील, किंवा आधी दोन पाय-झिरो जन्मले आणि मग धडकून त्यांचे पाय-प्लस पाय-मायनस झाले असतील, किंवा आधी केऑनची जोडी जन्मली असेल आणि तिचे पायऑन झाले असतील. कोणता रस्ता घेतला हे शोधायची सोय नाही, तत्त्वतःच नाही. आणि अशा वेळी निसर्ग शक्यता बेरजेला घेत नाही, अँप्लिट्यूड बेरजेला घेतो. अँप्लिट्यूड म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा एक बाण समजा, त्याला लांबी असते आणि तो कुठल्या तरी दिशेला असतो. सगळ्या रस्त्यांचे बाण एकाला एक जोडायचे, शेवटी जो बाण मिळेल त्याच्या लांबीचा वर्ग करायचा, ती झाली शक्यता. बाणाची दिशा म्हणजे फेज. पायऑन एकमेकांना धडकतात तेव्हा मुख्यतः काय होतं तर हा बाण फिरतो.

किती फिरतो याचं एक फार सुंदर उत्तर केनेथ वॉटसन यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलं. त्यांचं म्हणणं असं की जोपर्यंत ऊर्जा कमी आहे आणि दोन पायऑन धडकून दोन पायऑनच होऊ शकतात, बाकी काही होऊच शकत नाही, तोपर्यंत क्षयाच्या बाणाची स्ट्राँग फोर्समुळे आलेली फेज ही ते दोन पायऑन एकमेकांवर नुसते आदळले असते तर जी फेज मिळाली असती तेवढीच असते. अगदी तेवढीच. क्षय कशामुळे झाला, कुठून आला, काही फरक पडत नाही. याच्यामागे फक्त एवढंच आहे की सगळ्या शक्यतांची बेरीज एक व्हायला पाहिजे, तिला युनिटॅरिटी म्हणतात. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा खरं वाटलं नव्हतं, म्हणजे वीक फोर्सबद्दल काहीही माहीत नसताना त्याच्या अँप्लिट्यूडची अर्धी माहिती, म्हणजे दिशा, फुकट मिळते.

आता ते गणित. कुठल्याही मेसॉनचा क्षय दोन वाटांनी होतोय असं धरा. पहिल्या वाटेचा बाण लांबीने १ आणि अंश ०. दुसऱ्या वाटेचा बाण लांबीने ०.५. या दुसऱ्या बाणाच्या दिशेत दोन भाग असतात, एक वीक फोर्समुळे आलेला कोन आणि एक स्ट्राँग फोर्समुळे, म्हणजे धडकण्यामुळे आलेला कोन. कणाच्या जागी प्रतिकण, म्हणजे त्याचा अँटीमॅटरमधला जोडीदार, घेतला की वीक कोनाचं चिन्ह उलटं होतं पण स्ट्राँग कोन आहे तसाच राहतो, कारण स्ट्राँग फोर्स मॅटर-अँटीमॅटर असा भेद करत नाही. वीक कोन ६० अंश धरा आणि आधी स्ट्राँग कोन शून्य ठेवा. कणासाठी दुसरा बाण ६० अंशावर, प्रतिकणासाठी उणे ६० वर. बेरीज करून वर्ग केला तर दोन्हीकडे १.७५ येतं. एक बाण वर झुकलेला, एक खाली, पण लांबी सारखी, फरक शून्य. वीक फोर्सने एवढा मोठा भेद केलेला असूनही मोजणाऱ्याला काहीच दिसत नाही!

आता स्ट्राँग कोन ३० अंश करा, बाकी काही बदलू नका. कणासाठी ६० अधिक ३०, म्हणजे ९० अंश, वर्ग येतो १.२५. प्रतिकणासाठी उणे ६० अधिक ३०, म्हणजे उणे ३० अंश, वर्ग येतो जवळजवळ २.१२. फरकाला दोघांच्या बेरजेने भागलं तर २६ टक्क्यांचा असमतोल! वीक फोर्समध्ये काहीही बदललं नाही, फक्त पायऑन जाताना एकमेकांना धडकले. कण आणि प्रतिकण यांच्या वागण्यातल्या फरकाला सीपी व्हायोलेशन म्हणतात, तो असा थेट क्षयातच दिसला की डायरेक्ट सीपी व्हायोलेशन, आणि यासाठी दोन वाटा, दोन वेगळे वीक कोन आणि दोन वेगळे स्ट्राँग कोन, असं सगळंच लागतं. म्हणून म्हटलं की याला छोटी दुरुस्ती म्हणू नका.

केऑनमध्ये हे खरंच कसं घडतं ते बघू. केऑनपासून दोन पायऑन झाले तर ते दोनच पद्धतीने जोडलेले असू शकतात, आयसोस्पिन शून्य किंवा आयसोस्पिन दोन. आयसोस्पिन म्हणजे तीन प्रकारचे पायऑन एकाच कणाची तीन रूपं आहेत असं मानून केलेली मोजदाद, एवढं पुरे. शून्यवाल्या जोडीत पायऑन एकमेकांना चांगलेच ओढतात, दोनवाल्या जोडीत थोडे ढकलतात. त्यामुळे केऑनच्या ऊर्जेला शून्यचा बाण पुढे फिरतो आणि दोनचा किंचित मागे, आणि दोघांतला फरक येतो ४७-४८ अंश. क्रोनिन आणि फिच यांनी १९६४ मध्ये जे सीपी व्हायोलेशन पहिल्यांदा पाहिलं, दीर्घायुषी केऑन हजारात दोनेक वेळा दोन पायऑनमध्ये फुटतो हे, ते मुख्यतः केऑन आणि प्रतिकेऑन एकमेकांत मिसळल्यामुळे होतं. पण थेट क्षयात होणारं, वर सांगितलं तसलं, फार बारीक होतं, एप्सिलॉन-प्राइम भागिले एप्सिलॉन या आकड्याने ते मोजतात आणि तो ०.००१७ च्या आसपास निघाला. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचा एनए४८ आणि अमेरिकेतल्या फर्मिलॅबचा केटेव्ह या दोन प्रयोगांनी १९९९ च्या सुमाराला तो शून्य नाही हे पक्कं केलं.

हाच आकडा थेअरीतून काढताना काय झालं ते सांगण्यासारखं आहे. कॉम्प्युटरवर अवकाश-काळाची जाळी मांडून स्ट्राँग फोर्सचं गणित करतात, त्याला लॅटिस म्हणतात. जाळीची पेटी लहान असते, त्यात दोन पायऑन ठेवले की ते सतत धडकतच राहतात, खऱ्या जगातल्यासारखे दूर जाऊच शकत नाहीत. लेलूश आणि ल्युशर यांनी २००१ मध्ये पेटीतल्या उत्तरावरून खऱ्या जगातलं उत्तर काढायचं सूत्र दिलं आणि त्या सूत्रात पायऑन-पायऑन फेज बसलेली आहे. आरबीसी-यूकेक्यूसीडी या ग्रुपचं २०१५ चं उत्तर आलं तेव्हा हा आकडा प्रयोगापेक्षा खूपच लहान आला, ०.०००१४ च्या घरात, त्रुटी मोठी होती पण तरी लोकांना वाटलं की नवीन फिजिक्स सापडतंय की काय. पण त्याच पेपरात आयसोस्पिन शून्यची फेज २४ अंशांच्या आसपास आली होती आणि इतर पद्धतींनी ती त्याहून बरीच जास्त यायला हवी होती. तिथेच खरी खूण होती. २०२० मध्ये त्यांनी पेटीतल्या दोन पायऑनच्या अवस्था नीट वेगळ्या करून, जास्त डेटा घेऊन परत केलं, फेज ३२ अंशांवर गेली आणि तो आकडा ०.००२२ च्या आसपास, म्हणजे त्रुटीच्या मर्यादेत प्रयोगाशी जुळणारा. पायऑन एकमेकांशी कसे वागतात ते बरोबर आल्यावर मॅटर-अँटीमॅटरचं उत्तरही जागेवर आलं.

पण मुळात ही फेज मोजायची कुठून? पायऑनवर पायऑन आदळून बघता येत नाही, विद्युतभार असलेला पायऑन सेकंदाच्या चार कोटीव्या भागाच्या वर फारसा टिकत नाही, त्याचं टार्गेट कसं बनवणार. मग प्रोटॉनवर पायऑन आदळून दोन पायऑन काढायचे आणि त्यावरून अंदाज बांधायचा, १९७० च्या दशकात हे खूप झालं. दुसरा रस्ता म्हणजे केऑनचा असा क्षय घ्यायचा ज्यात दोन पायऑन, एक इलेक्ट्रॉन आणि एक न्यूट्रिनो निघतात, लाखात चारेक वेळाच होतो, पण इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनोला स्ट्राँग फोर्स लागतच नाही त्यामुळे दोन पायऑनमध्ये जे होईल ते स्वच्छ दिसतं. आणि तिसरा रस्ता अपघाताने सापडला, तो माझा सगळ्यात आवडता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सर्नचा एनए४८/२ प्रयोग केऑन-प्लस आणि केऑन-मायनस तीन पायऑनमध्ये फुटताना काही फरक करतात का हे शोधायला लावला होता. त्यातला एक क्षय म्हणजे एक चार्ज्ड पायऑन आणि दोन पाय-झिरो. पाय-झिरो लगेच दोन फोटॉनमध्ये फुटतो, त्यामुळे प्रत्यक्षात चार फोटॉन पकडायचे, त्यासाठी द्रवरूप क्रिप्टॉनचा मोठा कॅलोरीमीटर होता आणि तो ऊर्जा फार बारकाईने मोजायचा. त्यावरून दोन पाय-झिरोंचं मिळून वस्तुमान किती ते काढायचं आणि त्याचा ग्राफ मांडायचा. सगळ्यांची अपेक्षा होती की ग्राफ गुळगुळीत चढत जाईल. तो २७९.१४ एमईव्हीला अचानक मोडला! उडी नव्हती की शिखर नव्हतं, फक्त उतार एकदम बदलला, एक टोकदार वळण, त्याला कस्प म्हणतात. आणि २७९.१४ म्हणजे काय तर १३९.५७ ची बरोबर दुप्पट. म्हणजे दोन चार्ज्ड पायऑनचं वस्तुमान. पण ग्राफ तर पाय-झिरोंचा होता!

निकोला काबिब्बो यांनी २००४ मध्ये याचा अर्थ लावून दिला. केऑन तीन चार्ज्ड पायऑनमध्येही फुटतो, आणि तो क्षय जास्त वेळा होतो, साधारण तिप्पट. त्यातल्या पाय-प्लस आणि पाय-मायनसने एकमेकांना धडकून दोन पाय-झिरो केले तर शेवटी दिसणार तेच, एक चार्ज्ड आणि दोन पाय-झिरो. दोन वाटा झाल्या, दोन बाण झाले. २७९.१४ च्या वर चार्ज्ड जोडी खरोखर तयार होण्याएवढी ऊर्जा असते, तेव्हा या दुसऱ्या वाटेचा मुख्य भाग पहिल्या बाणाला काटकोनात येतो आणि लांबीवर फारसा परिणाम होत नाही. त्या रेषेच्या खाली चार्ज्ड जोडी खरी तयार होऊ शकत नाही, तरी क्वांटमच्या हिशोबात तिचं अस्तित्व असतंच, पण आता तो बाण पहिल्याच्या बरोबर उलट दिशेला वळलेला असतो आणि लांबी कमी करतो. म्हणून रेषेच्या खाली घटना अपेक्षेपेक्षा कमी दिसतात आणि बरोबर रेषेवर ग्राफला कोपरा पडतो. सुरुवातीला सांगितलेला तो साडेचार एमईव्हीचा फरक नसता, म्हणजे पाय-झिरो थोडा हलका नसता, तर ही रेषा ग्राफच्या अगदी टोकाला गेली असती आणि कोपरा दिसलाच नसता.

कोपरा किती खोल आहे त्यावरून चार्ज्ड जोडीचं पाय-झिरो जोडीत रूपांतर किती जोरात होतं ते कळतं. त्याला स्कॅटरिंग लेंग्थ म्हणतात, आणि आयसोस्पिन शून्य आणि दोन यांच्यातला फरक इथे थेट मिळतो. वाइनबर्ग यांनी १९६६ मध्ये फक्त सममितीच्या आधारावर शून्यची लेंग्थ ०.१६ आणि दोनची उणे ०.०४५ सांगितली होती, पायऑनच्या वस्तुमानाच्या एककात. कोलान्जेलो, गासर आणि ल्यूटवायलर यांनी २००१ मध्ये ते सुधारून ०.२२० आणि उणे ०.०४४४ केलं, म्हणजे फरक ०.२६४ च्या आसपास. एनए४८/२ ने पुढे सुमारे ६ कोटी क्षय वापरून जे मोजलं ते याच्याशी छान जुळलं. स्ट्राँग फोर्समध्ये दोन टक्क्यांपर्यंत थेअरीचं भाकीत करता येणं आणि ते खरं निघणं हे किती दुर्मीळ आहे हे त्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

केऑन सोडून डीकडे आलो की चित्र गुंतागुंतीचं होतं, कारण आता ऊर्जा भरपूर आहे. तीन पायऑनवाला क्षय घ्या. अशा तीन कणांच्या क्षयासाठी रिचर्ड डॅलिट्झ यांनी १९५३ मध्ये काढलेला ग्राफ वापरतात, एका अक्षावर एका जोडीच्या वस्तुमानाचा वर्ग, दुसऱ्यावर दुसऱ्या जोडीचा, आणि प्रत्येक क्षय म्हणजे एक ठिपका. पायऑन एकमेकांशी काहीच बोलले नसते तर ठिपके सगळीकडे सारखे पसरले असते. प्रत्यक्षात पट्टे दिसतात, मोकळ्या जागा दिसतात, पट्टे एकमेकांना छेदतात तिथे कुठे दाटी तर कुठे रिकामं. ७७५ एमईव्हीला रो मेसॉनचा पट्टा असतो, म्हणजे दोन पायऑन क्षणभर चिकटून रो झाले, ९८० जवळ एफ-झिरो या दुसऱ्या एका मेसॉनचा टोकदार पट्टा असतो. आणि कमी वस्तुमानाला एक पसरट, धूसर असं काहीतरी असतं, ते सिग्मा.

सिग्मा आहे की नाही यावर चाळीसएक वर्षं भांडणं झाली. फर्मिलॅबच्या ई७९१ प्रयोगाने २००१ मध्ये डी-प्लसच्या जेमतेम हजार-बाराशे तीन-पायऑन क्षयांवरून सांगितलं की सिग्मा धरल्याशिवाय ग्राफ जुळतच नाही, आणि निम्म्याच्या जवळपास क्षय त्याच्यातूनच होतात. २००६ मध्ये कप्रिनी, कोलान्जेलो आणि ल्यूटवायलर यांनी पायऑन-पायऑन स्कॅटरिंगच्या काटेकोर समीकरणांवरून त्याची जागा ४४१ एमईव्हीच्या आसपास नक्की केली. याची रुंदी इतकी आहे की त्याला कण म्हणावं की पायऑनच्या आपापसातल्या ओढीचं रूप म्हणावं, हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. इथे एक तक्रार मांडतोच. बरेच जण असे ग्राफ जुळवताना प्रत्येक पट्ट्यासाठी एकेक ब्राइट-विग्नर सूत्र, म्हणजे एकट्या शिखराचा आकार देणारं सूत्र, घेतात आणि सरळ बेरीज करतात. अरुंद आणि लांब लांब असलेल्या पट्ट्यांना ते चालतं, पण सिग्मासारखी रुंद आणि एकमेकांवर चढलेली रूपं अशी बेरजेला घेतली की शक्यतांची बेरीज एक राहत नाही, आणि मग फिटमधून जी फेज निघते तिला काही अर्थ उरत नाही. आकडे जुळले म्हणून ते बरोबर होत नाही. युनिटॅरिटी सांभाळणाऱ्या के-मॅट्रिक्ससारख्या पद्धती याच्यासाठीच आहेत, त्या जास्त कटकटीच्या आहेत, पण फेज हवी असेल तर कटकट करावीच लागते.

डी-झिरोचा दुसरा एक आकडा बरीच वर्षं लोकांना छळतो आहे. त्याचा दोन चार्ज्ड केऑनमध्ये होणारा क्षय दोन चार्ज्ड पायऑनमध्ये होणाऱ्या क्षयापेक्षा जवळजवळ २.८ पट आहे. स्ट्रेंज, अप आणि डाउन क्वार्क सारखेच मानले तर दोन्ही सारखे यायला हवेत, आणि केऑन जड असल्यामुळे खरं तर केऑनला जागा थोडी कमीच मिळते. याच्यामागे बरीच कारणं आहेत, पण डीच्या ऊर्जेला पायऑनची जोडी आणि केऑनची जोडी एकमेकांत बदलू शकतात हे त्यातलं एक महत्त्वाचं. वॉटसनचा सोपा निकाल इथे पुरत नाही, कारण आता दोन पायऑन धडकून दुसरं काहीतरी होण्याची वाट उघडी झालेली आहे, फेजसोबत बाणांच्या लांब्याही बदलतात.

हीच पायऑन-केऑन अदलाबदल बी मेसॉनमध्ये डोळ्यांना दिसते. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने चार्ज्ड बीचे चार क्षय एकत्र तपासले, के-पाय-पाय, के-के-के, पाय-पाय-पाय आणि पाय-के-के. २०२२ च्या निकालात पाय-पाय-पायमध्ये बी-मायनस आणि बी-प्लस यांच्यातला असमतोल अधिक ८ टक्के आला आणि पाय-के-केमध्ये उणे ११ टक्के. के-पाय-पायमध्ये अधिक एक टक्का, के-के-केमध्ये उणे पावणेचार. जिथे पायऑनची जोडी तिथे अधिक, जिथे केऑनची जोडी तिथे उणे. हा योगायोग नाही. कण आणि प्रतिकणाचं एकूण आयुष्य सारखंच असलं पाहिजे हा सीपीटी नावाच्या मूलभूत सममितीचा नियम आहे, म्हणजे सगळ्या क्षयांचा मिळून वेग दोघांचा सारखा. मग एका क्षयात बी-मायनसने आघाडी घेतली तर दुसऱ्या कुठल्या तरी क्षयात त्याला तेवढंच मागे राहावं लागतं, आणि हा जमाखर्च ज्या क्षयांमध्ये स्ट्राँग फोर्सने येजा होते त्यांच्यातच फिटतो. पायऑनची जोडी आणि केऑनची जोडी यांच्यात सगळ्यात जास्त येजा १ ते १.५ जीईव्हीच्या (१ जीईव्ही म्हणजे १००० एमईव्ही) पट्ट्यात होते हे जुन्या स्कॅटरिंग प्रयोगांवरून माहीत होतं, आणि बीच्या ग्राफमध्ये मोठा असमतोल त्या पट्ट्यात ठळक दिसला. पाय-के-के क्षयाचं सविस्तर विश्लेषण करून एलएचसीबीने २०१९ मध्ये फक्त या रीस्कॅटरिंगच्या भागाचा असमतोल वेगळा काढला, तो उणे ६६ टक्के! एकाच अँप्लिट्यूडमध्ये तोवर एवढा मोठा असमतोल कुणी पाहिला नव्हता.

बी जर दोनच पायऑनमध्ये फुटला तर मात्र लोकांचं एकमत नाही. प्रत्येक पायऑनला २.६ जीईव्ही ऊर्जा मिळते, तो प्रकाशाच्या वेगाच्या इतका जवळ असतो की त्याचं स्वतःचं घड्याळ १९ पट हळू चालतं आणि तो पूर्ण आकाराचा पायऑन होईपर्यंत दुसऱ्यापासून खूप लांब गेलेला असतो. म्हणून धडकणं नगण्य, असा युक्तिवाद ब्योर्कन यांनी १९८९ मध्ये केला आणि दहा वर्षांनी त्यावर क्यूसीडी फॅक्टरायझेशन (क्यूसीडी म्हणजे स्ट्राँग फोर्सची थेअरी) ही अख्खी पद्धत उभी राहिली. बी क्वार्क अनंत जड असता तर ती अचूकच ठरली असती. पण तो अनंत जड नाही, आणि दोन पाय-झिरोंमध्ये होणारा क्षय सुरुवातीच्या अंदाजांपेक्षा बराच जास्त निघाला, दहा लाखांत दीडेक. माझं मत असं आहे की तीन कणांच्या क्षयात रीस्कॅटरिंग इतकं उघड दिसत असताना दोन कणांच्या क्षयात ते नगण्य आहे असं गृहीत धरण्याऐवजी दर वेळी मोजूनच ठरवावं. ग्रोनाऊ आणि लंडन यांनी १९९० मध्ये तशी युक्ती दिलीच आहे, पाय-प्लस पाय-मायनस, पाय-प्लस पाय-झिरो आणि दोन पाय-झिरो असे तिन्ही क्षय मोजायचे, बाणांचे त्रिकोण बनवायचे, म्हणजे धडकण्याबद्दल काहीही न मानता वीक कोन बाहेर पडतो.

आत्ताचा सगळ्यात जिवंत वाद डीमध्ये आहे. एलएचसीबीने २०१९ मध्ये चार्म क्वार्कमधलं सीपी व्हायोलेशन पहिल्यांदा पक्कं केलं, केऑन जोडी आणि पायऑन जोडी यांच्यातल्या असमतोलाचा फरक उणे ०.१५४ टक्के. २०२२ मध्ये त्यांनी दोन्ही वेगळे काढले, पायऑनमध्ये ०.२३ टक्के आणि केऑनमध्ये ०.०८ च्या आसपास, केऑनचा आकडा अजून शून्याशीही सुसंगत आहे. गोम अशी की साध्या सममितीने दोघांची चिन्हं उलटी यायला हवी होती, आली सारखी. आणि पायऑनचा आकडा बऱ्याच जणांच्या मते स्टँडर्ड मॉडेलसाठी, म्हणजे कणांच्या आजच्या मान्य थेअरीसाठी, जरा जास्तच मोठा आहे. एक बाजू म्हणते नवीन कण असेल, दुसरी म्हणते पायऑन आणि केऑनच्या आपापसातल्या अदलाबदलीने लहान बाण मोठा केला असेल, त्या ऊर्जेला आसपास १७०० एमईव्हीची एफ-झिरो रूपंही आहेत, ती हे करू शकतात. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण ती खरी आहे असं म्हणायला स्कॅटरिंगचा डेटा १.८ जीईव्हीपर्यंत चांगला हवा आणि तिथे तो जुना आणि विरळ आहे.

या वादात एक क्षय फार उपयोगी आहे, डी-प्लसपासून पाय-प्लस आणि पाय-झिरो. यात पायऑनची जोडी फक्त आयसोस्पिन दोनमध्येच असू शकते, म्हणजे जवळजवळ एकच वीक कोन, त्यामुळे धडकणं कितीही झालं तरी स्टँडर्ड मॉडेलमध्ये असमतोल येतच नाही. इथे ठामपणे शून्याबाहेरचा आकडा मिळाला तर रीस्कॅटरिंगवर ढकलता येणार नाही. आतापर्यंतची मोजमापं शून्याशी जुळतात, पण त्रुटी अजून टक्क्याच्या आसपास घुटमळते आहे आणि प्रश्न दशांश टक्क्यांचा आहे. पाय-झिरो म्हणजे दोन फोटॉन, ते प्रोटॉनच्या टकरींच्या गर्दीत पकडणं अवघड जातं, इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या स्वच्छ टकरींमध्ये सोपं, म्हणून जपानच्या त्सुकुबामधल्या बेल-२ प्रयोगाकडून याबाबतीत जास्त आशा आहे. दोन पाय-झिरोंमध्ये होणारा डी-झिरोचा क्षयही तिथेच नीट मोजता येईल, आणि तो मिळाला की पायऑनच्या ०.२३ टक्क्यांपैकी आयसोस्पिन शून्यच्या जोडीतून किती आलं हे वेगळं काढता येईल.